प्रकाश टाकून पेशीत प्रथिन सोडायचं: खरा उपचार की प्रयोगशाळेतली हौस?

परागकण: इन्सुलिन काय नि अँटिबॉडी काय, ही औषधं पेशीच्या बाहेरूनच काम करतात. आत जाऊन काम करणारं प्रथिन द्यायचं तर पंचाईत. पेशी ते गिळते, पण एंडोसोम नावाच्या पिशवीत कोंडते आणि शेवटी पचवून टाकते. यावर सोन्याचे पोकळ नॅनोकण हा मला तरी सगळ्यात देखणा तोडगा वाटतो. प्रथिन कणाला बांधायचं, कण आत शिरला की ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या लेसरचे अतिसूक्ष्म झटके द्यायचे. बंध तुटतो, पिशवी फाटते, प्रथिन मोकळं. तेही फक्त प्रकाश पडेल तिथेच! औषध पेशीत नेणाऱ्या लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) कणांना हे जमतं का?

तिरकस: प्रकाश जातो कुठवर? फार तर एखाद सेंटीमीटर, तोही विखरून. स्वादुपिंडातल्या गाठीचं काय करणार? शिवाय सोनं विरघळत नाही, यकृतात नि प्लीहेत महिनोन्‌महिने पडून राहतं. त्यापेक्षा एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा रेणू द्या, पेशी आपलं प्रथिन आपण बनवेल.

परागकण: प्रकाश नेणारं बारीक फायबर आत घालतात की. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत (२०१९) सोन्याचं कवच असलेले कण शिरेतून दिले आणि लेसरचं फायबर थेट ग्रंथीत घातलं.

तिरकस: त्यात प्रथिन कुठे होतं? कण तापवून गाठ भाजली, बस्स.

ओपीडीवाली: स्वादुपिंड राहू द्या. तंबाखू-गुटख्याने गालाच्या आत झालेली गाठ साध्या टॉर्चने दिसते, तिथे प्रकाश पोचवायला कसली अडचण? जपानने २०२० साली डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी प्रकाशसंवेदी रंग जोडलेली अँटिबॉडी मंजूर केली. रुग्णाला उन्हापासून काही आठवडे जपावं लागतं, तेवढी कटकट आहे.

तिरकस: ताई, ते औषध पेशीचा पडदा फोडतं, आत काही पोचवत नाही. एंडोसोमची पिशवी प्रकाशाने फोडणं नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी १९९९ सालीच दाखवलं, जेलोनिन हे प्रथिन वापरून. अजून दवाखान्यात आलंय का ते?

परागकण: आलं नाही, मान्य. पण तुमचा एमआरएनए तरी कुठे सरळ सुटतो? लिपिड कणांत भरून दिलेला बराचसा त्याच पिशवीत अडकतो आणि शिरेतून दिला तर मुख्यतः यकृतात जातो. कॅस-९ सारखी डीएनए कापणारी कात्री एमआरएनएवरून बनत राहिली तर नको तिथेही कापायला तिला जास्त वेळ मिळतो. थेट प्रथिन दिलं की काम उरकून लवकर नाहीसं होतं.

तिरकस: कात्रीचं पटलं. सोन्याचं उत्तर मात्र अजून आलं नाही.