मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या बाळाचं दूध उन्हातून कसं न्यावं?

ताई-दादांनो, आमची मुलगी ३० आठवड्यांतच झाली, वजन १३०० ग्रॅम. जळगावला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. श्वासासाठी सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) लावलंय, दूध नळीने देतात. सिझर झाल्यामुळे बायको अमळनेरला घरीच आहे. ती दूध काढून देते, मी एसटीने घेऊन जातो.

आई म्हणते, एवढी धावपळ कशाला, पावडरीचं द्या. मला ते पटत नाही. इतक्या लहान बाळाच्या आतड्यांना होणारा गंभीर आजार आईच्या दुधाने बराच टळतो, आणि तिच्यासाठी आमच्या हातात सध्या तेवढंच आहे. पण काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं ते २५ अंशांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात ४४! आइसपॅकचा डबा कोणी वापरलाय का? अमळनेरात मिळेल का?

दुसरं, मुलीच्या डोळ्यांच्या पडद्याची आरओपी तपासणी (लवकर जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठीची) जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. जळगाव-धुळ्यात कोणी कुठे करून घेतली?

आणि बायको येईपर्यंत कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरणं) मी देऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. कोणा वडिलांनी दिली असेल तर सांगा, नळ्या लावलेल्या असताना बाळाला छातीवर कसं धरलंत?