कामाला लागण्याआधी काय विचारून घ्यावं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

निकाल लागले की आमच्या गल्लीत दरवर्षी तीच चर्चा: पोराला कुठं घालायचं? उद्यमबागेतल्या कारखान्यांत, पुण्याला, की गोव्याला? आणि विचारणारा विचारतो काय, तर "पगार किती?" बाकी सगळं रुजू झाल्यावर कळतं. म्हणून हा धागा. कामाला लागताना, पैसे ठेवताना, कर्ज काढताना नेमकं काय विचारावं, ते तुमच्या अनुभवातून लिहा. उपदेश नको. आकडे आणि कागद चालतील.

उद्यमबाग, आयटीआय टर्नर

सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर आणि सेटर यांत मोठा फरक आहे. ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) लावतो, बटण दाबतो, काढतो, मापतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, पहिला पीस पास करून देतो. पुढची वाढ सेटरला मिळते. तेव्हा नव्या पोरानं पहिल्याच दिवशी विचारावं, "सेटिंगला हात लावू देणार काय?" हो म्हणाले तर पगार थोडा कमी असला तरी तिथंच जावं. बटण दाबायला कुठंही घेतात.

मायक्रोमीटरच्या थिंबलवरची (फिरत्या नळीवरची) एक रेघ म्हणजे ०.०१ मिमी, हे आयटीआयत पाठ करून घेतात. पण मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब गरम असतो. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब ३० अंशांनी तापला की जवळजवळ ०.०२ मिमी फुगतो. गरम असताना बरोबर वाटलेला जॉब गार झाल्यावर साइजखाली जातो आणि रिजेक्शनचा ढीग लागतो. हे मला आमच्या सेटरनं दाखवलं. तो हुबळीकडचा, मराठी जेमतेम. सगळं कन्नडमधून शिकलो, निम्मं हातवाऱ्यांवरून.

मच्छे, कारखान्यात हिशेब बघते

"हातात किती येणार" एवढंच विचारणारी मुलं रोज भेटतात. पीएफ कापू नका म्हणून गळ घालतात. अरे, तुझे १२ टक्के कापले की मालकालाही १२ टक्के भरावे लागतात! त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडं जातात, तेही १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंतच. नोकरी बदलली की पैसे काढून मोकळं होऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरावर) ट्रान्स्फर करा. पेन्शनसाठी सेवा १० वर्षं भरावी लागते, आणि मध्ये पेन्शनचे पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. शाळेच्या दाखल्यावर नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, आधारवर वेगळं, बँकेत तिसरंच. क्लेम नेमका तिथं अडकतो. रुजू व्हायच्या आधी नाव सगळीकडं एकसारखं करून घ्या.

शहापूर, मागवाले

बँक कोणती आणि पतसंस्था कोणती, हे आधी विचारा. दोन्हीकडं काउंटर असतो, पासबुक असतं, कॅलेंडर मिळतं. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाखच होता. पतसंस्थेला तो विमा नाही. व्याज जास्त देतात ते कशापायी, समजून घ्या. मी भिशी लावतो, पण ओळखीच्यांतच, आणि बुडाली तरी चूल पेटेल एवढीच.

निपाणी

गाडीच्या कर्जाचं मी लिहितो. "१२ टक्के" म्हटलं की लगेच सही करू नये. फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर? १ लाख, ३ वर्षं. फ्लॅटनं व्याज ३६,००० आणि हप्ता साधारण ३,७७८. घटत्या शिलकीवर हप्ता ३,३२१, व्याज २० हजारांच्या आतच. म्हणजे फ्लॅटचे १२ टक्के खरे तर २१ च्या वर जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांना मुख्य माहितीचं पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर असतो. शोरूममधला माणूस आपणहून देत नाही, मागा की.

पणजीत हॉटेलात काम, मूळ खानापूर

खोली देणार काय, जेवण कापणार काय, सीझन संपल्यावर ठेवणार काय. चोर्ला घाटातून घरी यायचं भाडंही धरा.

खानापूर, बँकेत आहे

टर्नरदादांच्या सेटरवरून लिहितो. शाळेत कन्नड मार्कांपुरती केली होती. काउंटरवर गोकाक, बैलहोंगलचे शेतकरी येतात, उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये. नोकरीत येऊन पुन्हा बसलो शिकायला.

वडगाव

म्हणजे मराठीचं काय?

खानापूर, बँकेत आहे

घरात मराठीच आहे की. पोरगी मराठी शाळेतच जाते. उतारा वाचता आला म्हणून काय बिघडलं?

येळ्ळूर

माझी मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, इंजिनिअरिंगला कोल्हापूरला घालायचा विचार आहे. परराज्यातली म्हणून मागं टाकतील काय?

धागाकर्ता

ताई, महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आणि वादग्रस्त भागातल्या गावचा, तिथल्याच शाळा-कॉलेजातून पास झाल्याचा कागद लागतो. हा प्रकार फॉर्म भरतानाच निवडावा लागतो. दाखले निकालाआधीच काढायला घाला, कचेरीत नंतर गर्दी होते.