झिममध्ये 'कैऱ्या' शोधल्यावर निम्मीच पानं सापडतात

बागकर: हापूसच्या बागेच्या नोंदी मी झिम या नोंदवहीच्या प्रोग्राममध्ये ठेवतो, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, म्हणूनच निवडलं. बाबा फोनवरून लिहितात, मी लॅपटॉपवर. काल 'कैऱ्या' शोधलं तर बाबांचं एकही पान आलं नाही. पान उघडलं की शब्द समोरच, अगदी तसाच! अनुक्रमणिका दोनदा नव्याने बनवली, काही फरक नाही.

लिपीताई: नुसतं 'कै' शोधून बघा बरं.

बागकर: ताई, आली सगळी!

लिपीताई: मग घोळ ऱ्याचा आहे. एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या यादीत ०९३१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, एक न दिसणारा जोडक आणि य. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द.

टंकमित्र: सगळ्या फाइली एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एका ठरावीक प्रमाण रूपात, बदलून घ्या.

लिपीताई: त्याने र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून ऱ होईल, पण जोडकवालं रूप जसंच्या तसं राहील. ते वेगळं बदलावं लागतं. बाबांच्या पानातला 'ऱ्या' कॉपी करून 'शोधा'त टाका आणि 'बदला'त तुमचा 'ऱ्या' टाका. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढा, हे विसरू नका. खरं तर झिमच्या शोधानेच दोन्ही रूपं एक मानायला हवीत. मराठीत हा 'ऱ्या' वारंवार येतो. मी तशी सुधारणा लिहायला घेते.

बागकर: झालं! बाबांची नोंद सापडली: 'रात्री वाऱ्याने कैऱ्या पडल्या, दोन टोपल्या.' ताई, सुधारणा तपासायला माझी पानं देतो.