सीएकडे न जाता भरलेलं पहिलं रिटर्न : तुमचे अनुभव लिहा

इंटिरियर डिझायनर, नाशिक

एप्रिल २०२४मध्ये नोकरी सोडून मी स्वतःची कामं घ्यायला लागले. नोकरीत असताना फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा कंपनीने दिलेला दाखला) हातात यायचा आणि शेजारच्या टेबलवरचा सहकारी चहा संपेपर्यंत रिटर्न भरून द्यायचा. आता फॉर्म १६ नाही आणि सहकारीही नाही. सीएची फी परवडली नसती असं नाही, पण वर्षभर आपण काय कमावलं हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

इंटिरियर डेकोरेशन १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएच्या यादीत स्पष्ट आहे. म्हणजे वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), तर निम्मी रक्कम नफा धरून आयटीआर-४, म्हणजे 'सुगम', भरता येतो. माझी जमा ११,८०,०००. निम्मे ५,९०,०००, वर मुदत ठेवीचं व्याज १८,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षीची मर्यादा सात लाख होती, उत्पन्न तिच्या आत असल्याने कलम ८७एची सवलत मिळून कर शून्य. कंपन्यांनी बिलातून १० टक्क्यांनी आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, पूर्ण परत मिळायला हवा होता.

अडलं ते इथे. माझ्या वहीत टीडीएस ६४,०००, तर फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) ४६,०००. आधी वाटलं, मीच आकडे उलटे लिहिले. वही तीनदा तपासली. मग एकेक बिल घेऊन बसले तेव्हा कळलं, एका कंपनीचं १,८०,०००चं बिल २६एएसमध्ये नव्हतंच. १८,००० माझ्याकडून कापले होते, पण माझ्या नावावर दिसत नव्हते. त्यांच्या अकाउंट्सला फोन केला. दोन दिवस "बघतो मॅडम" ऐकल्यावर पॅनचा फोटो पाठवला, तेव्हा निघालं की त्यांनी भरताना पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. त्यांनी दुरुस्ती केल्यावर तीन आठवड्यांनी नोंद आली. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५पर्यंत वाढली होती, म्हणून घाई करावी लागली नाही.

माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे : पोर्टल उघडण्याआधी स्वतःची वही पूर्ण करा. तारीख, कोणाकडून, बिल किती, हातात किती आले, कापले किती. मग २६एएस आणि एआयएस (आपल्या वर्षभराच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची माहिती) डाउनलोड करून ओळीला ओळ लावा. आणि हे एप्रिल-मेमध्ये करू नका. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचं विवरणपत्र भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदी जूनमध्येच नीट दिसतात. फॉर्म भरायला मला पाऊण तास लागला, जुळवाजुळवीला महिना.

ज्यांनी पहिलं रिटर्न स्वतः भरलं, त्यांनी कुठे अडलात ते लिहा. रक्कम सांगायची नसेल तर नका सांगू, पण अडलेली जागा नेमकी सांगा.

भाषांतरकार, सांगली

ताई, तुमचं काम यादीत आहे. भाषांतर ४४एडीएच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं नाही. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर, आयटी, सिनेमातले कलाकार… आम्ही कुठेच नाही. पुष्कळ जण तरीही निम्मे दाखवून मोकळे होतात. मला ते पटेना. म्हणून आयटीआर-३ भरला, प्रत्यक्ष खर्च दाखवून.

आयटीआर-३ मोठा आहे हे खरं. नफा-तोटा पत्रक जमलं. ताळेबंदाने मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटी धाकट्या भावाची बी.कॉम.ची वही काढली आणि 'भांडवल' म्हणजे काय इथपासून वाचलं. माझी चूक एवढीच होती की घरखर्चाला काढलेले पैसे मी भांडवलातून वजा केले नव्हते. ते केले आणि दोन्ही बेरजा रुपयासकट जुळल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी भावाला उठवून दाखवलं.

एक गोष्ट नव्याने शिकले. नोव्हेंबरमध्ये ६२,०००चा लॅपटॉप घेतला होता. तो सगळा खर्चात टाकता येत नाही. वापराने घटलेली किंमत, म्हणजे घसारा, तेवढाच खर्चात धरतात; कॉम्प्युटरवर तो वर्षाला ४० टक्के. त्यातही वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्मा, म्हणून माझा घसारा १२,४००. ज्यांना जुन्या करप्रणालीत राहायचंय त्यांनी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरा. पगारदारांना दरवर्षी प्रणाली बदलता येते, आपल्याला नाही. एकदा नव्यात परत आलात की, व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनी विसरा.

सॉफ्टवेअर डेव्हलपर, पुणे

माझा ग्राहक परदेशातला. टीडीएस कापतच नाहीत, पैसे पूर्ण येतात. त्यामुळे मला ते सगळे माझेच वाटत होते.

जमा १९ लाख, निम्मे साडेनऊ. २०२४-२५च्या दरांनी कर ४५,०००, सेस धरून ४६,८००. इथपर्यंत अंदाज होता. पण जुलैत पोर्टलने २,३४० रुपये वर मागितले. अ‍ॅडव्हान्स टॅक्स. कर १०,०००च्या वर जाणार असेल तर तो वर्ष संपायच्या आत भरायचा असतो. ४४एडीएवाल्यांना चार हप्ते नाहीत, १५ मार्चपर्यंत एकदाच पूर्ण भरला की झालं. मी एक रुपयाही भरला नव्हता. म्हणून कलम २३४बीखाली एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं महिना एक टक्क्याने १,८७२ व्याज आणि मार्चचा हप्ता चुकल्याचं कलम २३४सीखाली ४६८. आता दर महिन्याला पैसे आले की त्यातला भाग वेगळ्या खात्यात टाकतो.

महाराष्ट्रातल्या सगळ्यांना अजून एक सांगायचंय, कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नोकरीत दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा. नोकरी सुटली म्हणून तो सुटत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाने पीटीईसी (व्यवसाय करासाठीची स्वतःची) नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे असतात. तो राज्याचा कर आहे, आयकराच्या पोर्टलवर त्याचा उल्लेखही येत नाही. आणि जमा २० लाखांच्या जवळ जात असेल तर जीएसटी नोंदणीकडे आधीच लक्ष द्या.

फिजिओथेरपिस्ट, नागपूर

रिटर्न पहिल्या फटक्यात झालं. रिफंड मात्र अडला. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत लग्नानंतर सासरचं. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, मग मशीनला ती दुसरीच बाई वाटते. खातं प्री-व्हॅलिडेट (रिफंडसाठी पोर्टलवर बँक खात्याची आधीच पडताळणी) होईना आणि रिफंड फेल झाल्याचा मेसेज आला. मी दोन रात्री झोपले नाही. एवढे पैसे सरकारजमा झाले असं वाटत होतं.

तसं काही होत नाही. कॉलेजात असताना उघडलेलं एक खातं माहेरच्या नावावर चालू होतं. ते प्री-व्हॅलिडेट केलं, पोर्टलवर 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकली आणि पैसे आले. पॅन दुरुस्तीचा अर्ज आता दिलाय. बायांनो, रिटर्न भरायच्या आधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर वाचा.

विमा एजंट, सोलापूर

थोडक्यात लिहितो. कमिशनवर जगणाऱ्याला सुगम चालत नाही. कमिशनचं उत्पन्न ४४एडीत (छोट्या धंद्यांना ठरावीक टक्के नफा धरू देणारं कलम, ताईंच्या ४४एडीएपेक्षा वेगळं) बसत नाही. आयटीआर-३च भरावा लागतो. मी आधी आयटीआर-४ अर्धा भरला होता, पुसून परत बसलो.

फोटोग्राफर, सातारा

मी १० सप्टेंबरला सबमिट केलं आणि झालं असं समजलो. ई-व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न मीच भरलंय याची ऑनलाइन खात्री, करायचं राहिलं. आधारला नंबर वडिलांचा जुना, तो बंद. ओटीपी येणार कुठे? नंबर बदलून नोव्हेंबरमध्ये व्हेरिफाय केलं. ३० दिवस उलटले की व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात, म्हणून माझं रिटर्न उशिराचं ठरलं. उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं म्हणून १,००० लेट फी, नाहीतर ५,०००. नेट बँकिंगमधून व्हेरिफाय करता येतं, किंवा आयटीआर-व्ही (पडताळणीचा छापील फॉर्म) सही करून स्पीड पोस्टाने बंगळूरला पाठवता येतो, हे मला नंतर कळलं.

गणिताच्या शिकवण्या, स्लाव, इंग्लंड

इथली तऱ्हा वेगळी, पण पहिल्या वर्षीची धडकी तीच. इथे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. ते संपल्यावर ५ ऑक्टोबरच्या आत नोंदणी करायची, मग दहा आकडी यूटीआर (करदात्याचा क्रमांक) पोस्टाने घरी येतो, आणि ऑनलाइन रिटर्नची शेवटची तारीख ३१ जानेवारी. माझा कर आला १,४०० पौंड. तेवढे बाजूला ठेवले होते. पण बिल १,०००च्या वर गेलं की पुढच्या वर्षाचा निम्मा कर त्याच दिवशी आगाऊ मागतात. म्हणजे जानेवारीत २,१०० आणि ३१ जुलैला परत ७००. नवऱ्याच्या पगारातून भरले. इथे नव्याने काम सुरू करणाऱ्या मराठी मैत्रिणींनी पहिल्या जानेवारीला दीडपट पैसे हाताशी ठेवा.

डबे आणि दिवाळी फराळ, चिंचवड

माझं शिक्षण दहावी. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून वहीत. घर घ्यायचंय, आणि बँकवाले म्हणाले तीन वर्षांची रिटर्नं आणा.

वर्षाची विक्री ९,४०,०००. त्यातले ७,६०,००० फोनवरून आलेले आणि १,८०,००० रोख. मुलाने सांगितलं, ४४एडीमध्ये फोनवरच्यावर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरतात, म्हणजे ४५,६०० आणि १४,४००, एकूण ६०,०००. म्हणाला, "आई, एवढाच लिही, चालतो." पण कायद्यात ते कमीत कमी आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. माझ्या वहीप्रमाणे मागे ३,२०,००० राहिले होते, तेवढे लिहिले. कर तरीही शून्य. आणि साठ हजारांवर जगणाऱ्या बाईला कर्ज कोण देईल?

सगळ्यात वेळ फोनवरचे पैसे निवडण्यात गेला. बहिणीने भिशीचे पाठवलेले, नणंदेने गॅसचे परत केलेले, सगळं त्याच खात्यात. प्रत्येक ओळीवर मी सांगायची, मुलगा खूण करायचा. फॉर्ममध्ये ३१ मार्चचा शिल्लक मालही विचारतात. त्या दिवशी रात्री मी पोह्यांची पोती आणि तेलाचे डबे मोजून ठेवले होते, म्हणून अडलं नाही.

पोचपावती छापून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवली आहे. नव्या वहीत डाव्या पानावर फोनवरचे, उजव्या पानावर रोख. बहिणीला दुसऱ्या खात्याचा नंबर दिलाय.