टॅक्रोलिमस लेव्हल: एकाच सकाळचे दोन रिपोर्ट, खरा आकडा कोणता?

निळीवही
किडनी प्रत्यारोपण होऊन काही वर्षं झाली. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घेतो. रक्तातली त्याची लेव्हल आजवर बाहेरच्या लॅबमधून करायचो. या वेळी रुग्णालयाने स्वतःकडे करायला सांगितली, मी दोन्हीकडे केली. सकाळची गोळी घ्यायच्या आधी, एकाच टोचणीत दोन नळ्या. बाहेरची ७.७, रुग्णालयाची ९.१. मला ठरवून दिलेली रेंज ५ ते ८. म्हणजे एका कागदावर मी ठीक, दुसऱ्यावर डोस जास्त! क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) जागच्या जागी आहे, डोस जास्त झाल्यावर थरथरतात तसे हातही थरथरत नाहीत. डोस कमी करायचं बोलणं सुरू आहे. नुसतं "डॉक्टरांना विचारा" असं लिहू नका. विचारणारच आहे, पण काय विचारायचं ते तरी कळू दे.

काचनळी
बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून जरा लांबण लावते. दोन्ही रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात चाचणीची पद्धत लिहिलेली असते, ती आधी बघा. इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडीने औषध पकडून मोजायची पद्धत, असेल तर त्यातली अँटिबॉडी टॅक्रोलिमससोबत यकृताने मोडलेले त्याचे काही तुकडेही पकडते, म्हणून आकडा चढा येतो. मास स्पेक्ट्रोमेट्री मूळ औषध वेगळं काढून मोजते. दोन्हींत १० ते २० टक्के फरक दिसणं नवलाचं नाही, आणि तुमचा फरक त्यातच बसतो. त्यावरून कुणी चुकलं असं म्हणता येत नाही.

पण सगळं खापर मशीनवर फोडू नका. लॅबपेक्षा घड्याळाचा गोंधळ मी जास्त पाहिलाय. सकाळची गोळी घेऊन मग रक्त दिलं, की तो आकडा ट्रफचा, म्हणजे पुढच्या गोळीआधीच्या सगळ्यात खालच्या पातळीचा, राहिलाच नाही. रात्रीची गोळी उशिरा घेतली आणि सकाळी नेहमीच्या वेळी हात पुढे केला, तरी तेच. नळी जांभळ्या झाकणाचीच, म्हणजे रक्त गोठू न देणारी हवी. हे औषध बहुतांश तांबड्या पेशींत असतं, म्हणून पूर्ण रक्त मोजतात, सीरम नाही. हिमोग्लोबिन बरंच घसरलं असेल तर लेव्हल कमी दिसते, पण पेशींबाहेरचं मोकळं औषध, म्हणजे खरं काम करणारं, तेवढंच असू शकतं. अशा वेळी नुसत्या आकड्यावर डोस वाढवला तर पंचाईत.

क्वचित, काही इम्युनोअसेमध्ये, रुग्णाच्या रक्तातल्या भलत्याच अँटिबॉडी मध्ये लुडबुड करतात. गोळी थांबवूनही लेव्हल उतरत नाही तेव्हा ही शंका घ्यायची आणि दुसऱ्या पद्धतीने तपासायचं.

पिल्लूची आई
माझ्या मुलीचं यकृत प्रत्यारोपण झालंय. तिला जुलाब लागले आणि लेव्हल एकदम वर गेली. मी लॅबशी भांडायला निघाले होते, तेव्हा नर्सताईंनी समजावलं की जुलाबात आतड्यातली औषध अडवणारी यंत्रणा ढिली पडते आणि औषध जास्त शोषलं जातं. म्हणजे आकडा खराच होता! फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांनीही लेव्हल चढते, रिफॅम्पिसिनने (टीबीवरचं औषध) पडते. आणि शिरेतून टॅक्रोलिमस चालू असताना त्याच नळीतून रक्त काढू देऊ नका. औषध नळीला चिकटून राहतं.

ओसरी
मग सगळ्यांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीच करावी ना? विषय संपला.

काचनळी
@ओसरी, नाही संपत. ती पद्धत लॅब बरेचदा स्वतः बसवते, त्यामुळे चालवणारे हात आणि कॅलिब्रेशन यांवर बरंच अवलंबून असतं. शिवाय रिपोर्ट उशिरा येतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत दुपारपर्यंत आकडा हवा असतो, तेव्हा इम्युनोअसेच कामाला येते. माझ्या मते पद्धत कुठलीही असो, मध्येच बदलू नका. बदलावीच लागली तर निळीवहींनी केलं तसं एकदा दोन्हीकडे मोजून घ्या. ७.७ च्या जागी ८.१ आलं म्हणून मात्र झोप उडवू नका, तेवढा फरक त्याच मशीनवर तेच रक्त पुन्हा लावलं तरी येऊ शकतो.

निळीवही
तळाची ओळ वाचली. बाहेरची लॅब मास स्पेक्ट्रोमेट्री, रुग्णालय इम्युनोअसे. फाइलमधले मागचे रिपोर्ट ७.४, ७.९, ७.६, सगळे बाहेरचे. म्हणजे माझ्यात काहीच बदललेलं नाही. डॉक्टरांना एवढंच विचारलं, "५ ते ८ ही रेंज कुठल्या पद्धतीची धरायची?" त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि डोस तसाच ठेवला. पुढची लेव्हल कुठल्या लॅबला करायची, ते आता चिठ्ठीवरच लिहून दिलंय.