नॅनोट्यूबची फ्रॅक्टल मिती २ च्या खाली कशी काय येते?

सच्छिद्र, सायन
बहुभिंती कार्बन नॅनोट्यूब, सल्फ्युरिक-नायट्रिक ३:१ मध्ये प्रक्रिया केलेल्या. ७७ केल्विनला नायट्रोजन अधिशोषण (पृष्ठभागावर वायू चिकटणं) घेतलं, त्यावरून काढलेलं बीईटी क्षेत्रफळ १९० चौ.मी./ग्रॅम. एफएचएच आलेखाचा (दाबानुसार चिकटलेल्या वायूचा लॉग आलेख) उतार −०.४५. फ्रॅक्टल मिती डी (खडबडीतपणाचं माप, गुळगुळीत पृष्ठभागाला २) = ३ + ३ × उतार धरलं तर १.६५ येतं. पृष्ठभागाची मिती २ पेक्षा कमी असूच शकत नाही ना?

केशिका
नाही. तुम्ही लावलेलं सूत्र व्हॅन डर वाल्स बलांचा (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाचा) जोर असतो तेव्हाचं. उतार −१/३ च्या खाली गेला की केशिका संघनन (बारीक फटीत वायूचा द्रव होणं) वरचढ, मग डी = ३ + उतार, म्हणजे २.५५. पण हा आकडा थिसिसमध्ये टाकायची घाई नको. रेषा कुठपासून कुठपर्यंत बसवलीत?

सच्छिद्र
पी/पी० (वायूचा दाब भागिले त्याचा संपृक्त दाब) ०.०५ ते ०.९५, एकच रेषा.

केशिका
गोची तिथेच आहे. वरच्या दाबाला ट्यूबच्या जुडग्यांमधल्या फटी भरतात, भिंतीचा खडबडीतपणा त्यात राहतच नाही. दोन तुकडे करा. खालचा तुकडा पहिला थर पूर्ण झाल्यावर सुरू करा आणि साधारण दोन थरांपर्यंत थांबवा. फक्त अधिशोषणाची (दाब वाढवतानाची) शाखा घ्या. परतीच्या शाखेवर पी/पी० ०.४२ च्या आसपास दिसणारी घसरण द्रव नायट्रोजनची करामत असते, नमुन्याची नव्हे. आणि थराची जाडी ०.३५ पासून जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत जाते. एवढ्याशा पट्ट्यावर ‘फ्रॅक्टल’ म्हणणं जरा धाडसाचंच!

द्रवनत्र, पवई
डीगॅसिंग (मोजणीआधी नमुना तापवून आधीचे वायू-ओलावा काढणं) किती तापमानाला? आम्ल-प्रक्रियेनंतर भिंतीवर कार्बॉक्सिल गट असतात. ३०० अंशांवर ते तुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पृष्ठभागच बदलतो. १२० अंश, रात्रभर ठेवा. व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नाहीतर भुकटी उडून थेट व्हॉल्व्हमध्ये जाते. काचेच्या लोकरीचा बोळा लावलात तर रिकाम्या नळीच्या वजनातही तो धरा. मुंबईच्या जुलैत नमुना ओलावा पटकन ओढतो, म्हणून डीगॅस झाल्यावर नायट्रोजन भरून, बूच लावूनच वजन करा. नळीत किमान २० चौ.मी. पृष्ठभाग हवा, म्हणजे तुमच्या नमुन्याचे ११० मिलिग्रॅम पुरे. ड्यूअर (द्रव नायट्रोजनचा थर्मास) उघडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन द्रवात मिसळून तापमान चढतं आणि पी० सरकतो. पी० वेगळ्या नळीत सतत मोजा.

केशिका
शिवाय ऑक्सिजनयुक्त गटांवर नायट्रोजनचा रेणू आडवा-उभा बसतो. ८७ केल्विनला आर्गॉन घेऊन पाहा, त्याला चतुर्ध्रुव (रेणूतल्या विद्युतभाराची असमान वाटणी) नाही. दोन्ही वायूंचे डी जुळले नाहीत तर आर्गॉनचाच द्या, सोबत दाबाचा पट्टाही लिहा.