विषय: बसचा परवाना वैद्यकीय चौकशीत आहे, तोवर काय करावे?

प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आपल्या एका सभासदांचे पत्र त्यांच्या इच्छेनुसार नाव वगळून खाली देत आहे. उत्तरे कृपया या ईमेल यादीवरच द्यावीत. बस, लॉरी आणि टॅक्सी चालवणारे आपल्यात बरेच जण आहेत आणि हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्याही दारात येणार आहे.

«मी ब्रिटनमध्ये, स्विंडन भागात बस चालवतो. वयाची पन्नाशी जवळ आल्यामुळे दर पाच वर्षांनी होणारे परवान्याचे नूतनीकरण समोर आले आहे. सुट्टीत पुण्याला गेलो असताना जिना चढताना छाती जड होऊ लागली, तपासणीत एका रक्तवाहिनीत अडथळा दिसला आणि तिथेच अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. झटका आलेला नव्हता. परत आल्यावर बस चालवणे थांबवले आणि कंपनीला तसेच परवाना कार्यालयाला रीतसर कळवले. आता प्रकृती चांगली आहे आणि पुण्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवण्यास हरकत नसल्याचे लिहूनही दिले आहे. मात्र नूतनीकरणाचा अर्ज वैद्यकीय चौकशीत असून इथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या भेटीची तारीख फार पुढची मिळाली आहे. सहकारी म्हणतात की अर्ज प्रलंबित असेपर्यंत कलम ८८ खाली बस चालवता येते. हे खरे आहे का? आणि वाट पाहण्याखेरीज माझ्या हातात काही आहे का?»

कळावे,
सचिव

—

प्रेषक: डॉक्टरकाका, लेस्टर

दादा, नमस्कार.

आपण स्वतःहून बस थांबवली आणि कळवले, हे सर्वांत महत्त्वाचे काम आधीच झाले आहे. आता कलम ८८ विषयी सविस्तर लिहितो, कारण डेपोच्या कँटीनमध्ये या कलमाबद्दल जे सांगितले जाते त्यातले निम्मेच खरे असते.

रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या या कलमानुसार, डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या परवाना कार्यालयाकडे, आपला अर्ज पोहोचलेला असेल तर जुन्या परवान्याची मुदत संपली तरी त्याच परवान्याच्या अटींवर गाडी चालवता येते. मात्र अर्जाला बारा महिने झालेले नसावेत, आधीचा परवाना वैद्यकीय कारणाने रद्द झालेला किंवा नाकारलेला नसावा, न्यायालयाने वाहन चालवण्यास बंदी घातलेली नसावी, बस-लॉरीच्या बाबतीत ट्रॅफिक कमिशनरने (या व्यवसायाच्या सरकारी नियामकाने) हक्क निलंबित केलेला नसावा आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका असे सांगितलेले नसावे. डीव्हीएलए आपल्याला ‘तुम्हाला ८८ लागू आहे’ असे प्रमाणपत्र देत नाही. ते ठरवण्याची जबाबदारी चालकाची असते आणि त्यासाठी त्याने आपल्या डॉक्टरांना विचारायचे असते.

डॉक्टरांना विचारताना प्रश्न नेमका विचारायला हवा. मोटारगाडी आणि मोटारसायकल गट १ मध्ये येतात, तर लॉरी आणि बस गट २ मध्ये, आणि दोन्हींचे वैद्यकीय निकष फार वेगळे आहेत. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर गट १ साठी साधारण एक आठवडा थांबणे पुरते आणि कळवण्याचीही गरज नसते. गट २ साठी मात्र किमान सहा आठवडे थांबावे लागते, कळवणे बंधनकारक असते आणि त्यानंतर ट्रेडमिलची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते: ब्रूस पद्धतीचे तीन टप्पे, म्हणजे नऊ मिनिटे, अंजायनाची (हृदयामुळे होणाऱ्या छातीदुखीची) औषधे ४८ तास बंद ठेवून, छातीत न दुखता आणि ईसीजीत दोष न दिसता. (ही औषधे केवळ तज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच थांबवायची, कुणीही घरी प्रयोग करू नयेत.) हृदयाची पंपिंगची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, किमान ४० टक्के असावी लागते. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘हरकत नाही’ लिहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आपली घरची गाडी असणार, सत्तर प्रवाशांची बस नव्हे. ही चाचणी होत नाही तोवर आपण गट २ च्या निकषात बसता असे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, म्हणून माझ्या मते आपण सध्या ८८ च्या आधारावर बस चालवू नये. आपली मोटारगाडी मात्र खुशाल चालवावी, कारण गट २ चा निर्णय लांबला म्हणून गट १ चा हक्क आपोआप जात नाही.

आता उशिराविषयी. हा उशीर एकाच ठिकाणचा नसतो. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डीव्हीएलएच्या थकलेल्या कामावर अहवाल दिला होता. एप्रिल २०२० ते मार्च २०२२ या काळात सुमारे ३० लाख अर्जदारांना उशीर सोसावा लागला आणि त्यात प्रकृतीची नोंद असलेल्यांचे हाल सर्वाधिक झाले. त्यानंतर परिस्थिती बदलली. जुलै २०२२ पासून डीव्हीएलएच्या प्रश्नावल्या केवळ डॉक्टरांनीच नव्हे, तर नर्ससारख्या इतर नोंदणीकृत आरोग्यकर्मींनीही भरून देण्याची मुभा मिळाली. तरीही वैद्यकीय प्रकरणाची फाइल आजही अनेक टेबलांवरून फिरते, आणि त्यांपैकी काही टेबले डीव्हीएलएची नसून आपल्या जीपीची (फॅमिली डॉक्टरची) किंवा रुग्णालयाची असतात. म्हणून फोन केल्यावर ‘माझे काय झाले?’ असे न विचारता, ‘सध्या आपण कुणाच्या उत्तराची वाट पाहत आहात, आणि ते पत्र कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर गेले?’ असे विचारावे. उत्तर ‘तज्ज्ञांकडून अहवाल आलेला नाही’ असे मिळाले, तर स्वान्सीला, म्हणजे डीव्हीएलएच्या कार्यालयात, आणखी फोन करण्यात अर्थ नाही. अशा वेळी तज्ज्ञांच्या सेक्रेटरीला फोन करावा. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) सेक्रेटरी ही अशी व्यक्ती आहे जिच्यापर्यंत रुग्ण क्वचितच पोहोचतो आणि जी बहुधा मदत करते.

आपल्या प्रकरणात आणखी एक गुंता आहे. उपचार भारतात झाल्यामुळे इथल्या नोंदींत स्टेंटचा पत्ताच नसेल. जीपी प्रश्नावली भरताना संगणकात पाहतो आणि तिथे काही नसेल तर रकाने कोरे राहतात. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल आणि सीडी, तसेच इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल हे सर्व जीपीकडे देऊन नोंदीत चढवून घ्यावे आणि त्याच्या प्रती तज्ज्ञांकडेही पाठवाव्यात. इकोवर इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा स्पष्ट आहे ना, हे आधी पाहावे. नसेल तर पुण्याच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचे पत्र मागवावे. नावाकडेही लक्ष द्यावे. भारतातल्या कागदांवर मधले नाव वडिलांचे, इथल्या परवान्यावर ते गळालेले आणि जीपीकडे आडनाव आधी, अशी तीन रूपे आपल्यापैकी पुष्कळांची असतात. प्रत्येक पत्रावर परवान्याप्रमाणे नाव, जन्मतारीख आणि संदर्भ क्रमांक लिहावा.

पंचेचाळिशीनंतरच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या डी४ या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मबद्दल: ही डॉक्टरी तपासणी अर्जाच्या तारखेआधी चार महिन्यांच्या आतली असावी लागते, तिचे शुल्क आपल्यालाच भरावे लागते आणि नोंदणीकृत खासगी डॉक्टरही ती करू शकतात. दृष्टीचा भाग चष्मेवाल्यांकडून भरून घेता येतो. रक्तदाब १८० वर किंवा खालचा १०० वर सातत्याने असेल तर गट २ चालत नाही, म्हणून धावतपळत, चहा पिऊन तपासणीला जाऊ नये.

आपला,
डॉक्टरकाका

—

प्रेषक: एक लॉरीचालक सभासद, मिल्टन कीन्स

नमस्कार. डॉक्टरकाकांच्या ‘टेबलांच्या’ मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. मला झोपेतील श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया, असल्याची शंका घेऊन जीपीने झोपेच्या क्लिनिककडे पाठवले. दिवसा डुलकी येत असल्यामुळे लॉरी बंद आणि क्लिनिकची रांग लांबलचक, अशी अवस्था होती. तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितले की नाइस या उपचारांविषयी सूचना काढणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनेत, ज्यांचा व्यवसाय वाहन चालवण्याचा आहे त्यांना झोपेच्या तपासणीत प्राधान्य द्यावे, असे लिहिलेले आहे. माझ्या रेफरलच्या पत्रात ‘व्यवसाय: चालक’ एवढेही नव्हते. मी जीपीला विनंती करून, गट २ चा परवाना आणि उपजीविका यांचा उल्लेख असलेले सुधारित पत्र पाठवून घेतले, आणि तारीख बरीच अलीकडे आली.

दादांनीही आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या रेफरलमध्ये हा उल्लेख आहे का ते पाहावे. हृदयाच्या बाबतीत तशी सूचना आहे असा माझा दावा नाही, परंतु ट्रेडमिल चाचणी परवान्यासाठी हवी आहे हे तज्ज्ञांना आधीच ठाऊक असेल, तर पहिल्या भेटीत केवळ गप्पा आणि चाचणीसाठी पुन्हा नवी रांग, हे टळू शकते. माझ्या परवान्याचा आता दर वर्षी आढावा होतो. श्वासाचे यंत्र रात्रभर लावले की नाही याची नोंद यंत्रच ठेवते, त्यामुळे वाद होत नाही.

—

प्रेषक: रेडिंगहून एक सभासद (एचआरमध्ये काम करते)

सर्वांना नमस्कार. नोकरीच्या बाजूने लिहिते, कारण पगार थांबला की माणूस नको ते निर्णय घेतो.

परवाना नसताना बस चालवू देणे कंपनीला कायद्याने शक्य नसते आणि १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये हे नोकरी संपवण्याचे एक संभाव्य वैध कारण मानले आहे. तथापि कंपनीने त्याआधी वाजवी वागणे, म्हणजे किती काळ लागेल याची चौकशी करणे आणि दुसरे काम आहे का हे पाहणे, अपेक्षित असते. म्हणून दादांनी लेखी पत्र देऊन डेपोतील काम, कंट्रोल रूम, किंवा साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन चालवण्याचे काम मागावे. व्हॅनला गट १ पुरतो. मिनीबस मात्र सुचवू नये, व्यवसाय म्हणून चालवायची तर तिलाही गट २ लागतो. कंपनीला मुदतीचा अंदाज हवा असेल तर डीव्हीएलएची पत्रे कंपनीला वेळोवेळी दाखवावीत. युनियनचे सभासद असाल तर प्रतिनिधीला सोबत न्यावे. नसाल तर अकास या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.

आजारपणाचा वैधानिक भत्ता काम करण्यास असमर्थ असणाऱ्यांसाठी असतो. प्रकृती बरी पण परवाना नाही, ही स्थिती त्यात सहज बसत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) मागण्याआधी आपला व्हिसा तपासावा. त्यावर सार्वजनिक निधीची मनाई असेल तर तो अर्ज करू नये. नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर आधारलेला न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स (बेरोजगार भत्ता) मात्र त्या मनाईत मोडत नाही, आणि हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते.

डॉक्टरकाकांना एक विचारायचे आहे: परवाना रद्द होण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतःहून परत करावा असे काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

—

प्रेषक: डॉक्टरकाका

ताई, तथ्य आहे. वैद्यकीय कारणाने परवाना रद्द झाला तर पुढच्या अर्जाच्या काळात ८८ चा आधार मिळत नाही. स्वेच्छेने परत केला असेल तर, पुढे निकषात बसल्यावर आणि डॉक्टरांची संमती असल्यास, नवा परवाना हातात येण्याआधी हा आधार मिळू शकतो. दादांनी हा पर्याय तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावा, आणि तोही केवळ गट २ च्या हक्कापुरता. परवाना नाकारला किंवा रद्द झाला आणि निर्णय चुकीचा वाटला, तर इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांत मॅजिस्ट्रेट कोर्टात, तर स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत शेरीफ कोर्टात दाद मागता येते. मात्र चाचणी बाकी असताना कोर्टात जाणे हा पैशांचा अपव्यय आहे.

नुसत्या विलंबासाठी आधी डीव्हीएलएकडे लेखी तक्रार, आणि तिने काम न झाल्यास आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र, हा मार्ग आहे. आपला पासपोर्ट भारतीय असला तरी खासदार आपले काम पाहतात. पत्र एका पानाचे असावे: अर्जाची तारीख, संदर्भ क्रमांक, फाइल कुणाकडे अडली आहे आणि नोकरीवर होणारा परिणाम.

—

प्रेषक: नव्याने बसचालक होऊ इच्छिणारा सभासद, स्लाऊ

सर्व चर्चा वाचली. मला मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन घेतो. मोटारगाडीचा इथला परवाना आहे, बसच्या प्रोव्हिजनलसाठी (शिकाऊ परवान्यासाठी) प्रथमच अर्ज केला आहे. मला ८८ लागू होईल का?

—

प्रेषक: डॉक्टरकाका

नाही. आपल्याकडे बसचा हक्क आधी कधीच नव्हता, त्यामुळे चालू ठेवण्यासारखे काही नाही. प्रोव्हिजनल हातात येईपर्यंत बसच्या चाकामागे, प्रशिक्षकासोबतसुद्धा, बसू नये. मेटफॉर्मिनची माहिती गट २ साठी कळवणे आवश्यक आहे, पण त्याने सहसा अडत नाही. पुढे कधी इन्सुलिन सुरू झाले तर नियम कडक होतात. २०११ पासून ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरील चालकांनाही गट २ मिळू शकतो, परंतु वर्षाची मुदत, दरवर्षी तज्ज्ञांची तपासणी आणि चालवताना दर दोन तासांनी साखर तपासणे, हे सर्व आले.

—

प्रेषक: सचिव (मूळ सभासदांच्या वतीने)

दादा कळवतात की पुण्याची कागदपत्रे जीपीने नोंदीत घेतली आहेत, रेफरलमध्ये व्यवसायाचा उल्लेख करून घेतला आहे आणि ट्रेडमिल चाचणीची विनंतीही गेली आहे. कंपनीने तूर्त कंट्रोल रूममध्ये काम दिले असून, वाट पाहण्याच्या काळात ते ड्रायव्हर सीपीसीचे (व्यावसायिक चालकांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे) राहिलेले तास पूर्ण करणार आहेत. त्यांचा एकच प्रश्न उरला आहे: दिवाळीला भारतात जावे का?

—

प्रेषक: डॉक्टरकाका

जावे, पण टपाल उघडणारा कुणीतरी घरी असावा. डीव्हीएलएच्या पत्राला ठरलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज बंद होऊ शकतो किंवा परवानाही जाऊ शकतो. चाचणीची तारीख त्याच काळात आली, तर तिकीट बदलावे.